'टू' म्हणजे 'णे' एवढ्यावर भागत नाही

इंग्रजी शिकवताना एक नियम सांगतात की वाक्यात 'टू' (to) दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप घ्यायचं आणि मराठीत 'णे' लावून अर्थ काढायचा. पहिला भाग बराचसा बरोबर आहे ('आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' मधला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून तिथे 'मीट' चालत नाही). 'णे'चं मात्र मला पटत नाही. नाशिकला सिडकोत घरी दहावीची मुलं शिकवताना मीही आधी तेच सांगायचे आणि मुलं 'स्टॉप'पाशी हमखास अडकायची. 'शी स्टॉप्ड टू टॉक' आणि 'शी स्टॉप्ड टॉकिंग', दोन्हींना 'बोलणे' लावलं की फरकच उरत नाही. आता मी विचारते, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदाकाठी) मैत्रीण भेटली तर 'ती बोलायला थांबली' की 'तिने बोलणं थांबवलं'? 'बोलायला' म्हणजे 'टू टॉक'. हेतू सांगणारं हे रूप आपल्या तोंडी रोजचं आहे, ते वापरायचं सोडून 'णे' कशाला?

'रिमेंबर'लाही हेच कामी येतं. कुलूप लावायचं लक्षात ठेव, म्हणजे काम अजून व्हायचंय : 'रिमेंबर टू लॉक'. कुलूप लावल्याचं आठवतंय, काम झालेलं आहे : 'रिमेंबर लॉकिंग'. 'लावायचं' आणि 'लावल्याचं' यांतला फरक नाशिकमधलं कुठलंही मूल न शिकता ओळखतं. तसंच 'त्याला जाऊ दे' मधलं 'जाऊ' दाखवलं की 'लेट हिम गो' मध्ये 'टू' घालायची सवय लवकर सुटते.