तुमचा साष्टांग नमस्कार परत घ्या

माटोळी:
काल या मंचावर ‘अशा बहिणी आहेत म्हणून जग चाललंय’ हा लेख आला. अंथरुणाला खिळलेल्या भावासाठी लग्न न करता राहिलेल्या एका बाईचं वर्णन, आणि शेवटी ‘या देवीला साष्टांग नमस्कार’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी तो पहाटे तीनला वाचला, कारण तेव्हा मी जागीच असते.

माझा भाऊ ४१ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, त्यात फिट्स. बोलत नाही, मान धरत नाही. बाबा आधीच गेले होते, आई २०१४ साली गेली. तेव्हापासून मी. ‘वाहून घेतलं’ असं लिहिता, पण आईच्या बाराव्याला सगळे जमले होते तेव्हा खाट कुठल्या खोलीत हलवायची यावर तासभर चर्चा झाली. करणार कोण, हा विषयच निघाला नाही. मी पणजीला एका कचेरीत हिशेब बघायची. रजा घेतली, वाढवली, परत वाढवली, मग राजीनामा दिला. अमुक दिवशी ठरवलं असं काही नाही.

दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर कातडं लाल होतं आणि तिथेच जखम. पेज भरवताना पाठीला उशा लावून बसता करायचा; आडवा ठेवून घाई केली की घास श्वासनळीत, आणि पुढचा आठवडा न्युमोनियात. त्याचं वजन ५२ किलो, माझं ४९. देवीची कंबर दुखत नसेल, माझी दुखते. मला ताप आला तर कुणाला हाक मारायची एवढं त्या लेखात कुणी लिहिलं असतं तर मीही हात जोडले असते.

डिचोलीकर:
तो लेख माझाच. कुणाबद्दल चांगलं लिहिलं तरी शिव्या खाव्या लागतात हे आज कळलं. आमच्या घरात माझ्या आत्यानं पांगळ्या काकाचं ३० वर्षं केलं. तोंडातून कधी ‘हुं’ नाही. चवथीला सगळं घर गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला जमायचं तेव्हा ती काकाला पुसून, धुतलेला सदरा घालून दारात आणून बसवायची. ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. हल्ली प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडायची फॅशन आली आहे.

माटोळी:
आत्या ‘हुं’ म्हणाली नाही, की ती म्हणाली तेव्हा तुम्ही अंगणात खेळत होतात? तुमच्या लेखात तिचं नाव एकदाही नाही. काकाचं आहे.

सुशेगाद:
माझी बहीण २०१९ पासून संस्थेत आहे. आता घाला शिव्या. आई ७४ ची, मी ड्युटीवर, बायकोची सकाळची शाळा. बहीण रात्री किंचाळायची, शेजारी भिंत ठोकायचे. तिसऱ्यांदा आई तिच्याखाली पडली तेव्हा मी अर्ज भरला. दर रविवारी जातो. तिथल्या बाया तिचे केस विंचरून दोन वेण्या घालतात, घरी आम्ही कापूनच टाकले होते.

डिचोलीकर:
म्हणजे ठेवली. सरळ ‘टाकली’ म्हणायला जीभ रेटत नाही एवढंच.

सुशेगाद:
एक रात्र या हो आमच्याकडे. तेव्हा यायचं होतं. तुमच्या काकाचा एक डायपर तुम्ही बदललात का, ते आधी लिहा.

डिचोलीकर:
तेव्हा डायपर नव्हते.

सुशेगाद:
मग फडकी होती ना? ती कोण धुवायचं?

बारदेसकर:
दोन्ही बाजू वाचल्या. आम्हा बाहेर असणाऱ्यांवर गाडी येणारच, म्हणून आधीच लिहितो. मी १२ वर्षं दुबईत. थोरल्या भावाचं सगळं धाकटी बहीण करते, कबूल. मी महिन्याला ३० हजार पाठवतो, एकदाही चुकलो नाही. औषधं, एअर बेड (पंपाची हवेची गादी), सगळं त्यातून. पण कौतुक तिचं, आणि मी ‘बाहेर मजा मारतो’. शिवाय बहीण घरात राहते, भाडं नाही, कुळागराचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचं, उत्पन्नही तीच घेते. ते घर माझंही आहे. हे कुणी बोलत नाही.

माटोळी:
भाडं?! चोवीस तासांच्या नोकरीत मालक राहायला खोली देतो, तिचं भाडं कापत नाही हो. तीस हजारांत दिवसाची एक आणि रात्रीची एक बाई मिळवून दाखवा. आणि त्या बायांनी पाडव्याला सुट्टी मागितली की काय करायचं तेही कळवा.

फोंड्याची वकील:
घराचा विषय निघाला म्हणून. गोव्यात बहीण-भावाचा वाटा सारखा. सेवा केली म्हणून आपोआप जास्त नाही, परदेशी गेला म्हणून कमी नाही. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतलं तत्त्व २०१२ च्या वारसा कायद्यातही तसंच आहे: अर्धा भाग मुलांसाठी बांधलेला, उरलेला अर्धाच आईबाप विल करून मनासारखा देऊ शकतात. तोही फक्त आपल्या हिश्शातला, कारण बहुतेक लग्नांत मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी निम्मी. वडील हयात असतील तर करणाऱ्या मुलीला ते जादा देऊ शकतात. गेल्यावर फक्त इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, आणि भांडणं.

बारदेसकर:
म्हणजे आता बहिणीला जास्त द्यायला कायदाही शिकवणार. छान. बाबांना ८१ व्या वर्षी विल करा असं मी सांगू?

फोंड्याची वकील:
तुम्हीच सांगा. बहिणीनं सांगितलं की ‘हिचा डोळा घरावर’ असं वाडाभर होतं. माझ्यासमोर अशा चार फायली आहेत.

सुशेगाद:
दुबईवाले आहेत म्हणून बरं. आमच्याकडचे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून गेले, ते इन्व्हेंटरीच्या नोटिशीलाही उत्तर देत नाहीत. आठ वर्षं घरावर ताडपत्री. कौलं बदलायची तरी चुलतभाऊ अडवतात.

बारदेसकर:
पासपोर्टचा इथे काय संबंध? सगळ्यांना एकाच दोरीत ओवू नका.

सुशेगाद:
संबंध असा की वाटा मागताना सगळे गोंयकार असतात.

पेडणेकर काकू:
धागा भावंडांचा, पोचला कुळागरात. माझं एक अवांतर घ्या. इथे सरकारी योजनांत मुलीला लग्नासाठी लाडली लक्ष्मीचे एक लाख, लग्नानंतर गृह आधारचे महिना दीड हजार. भावाचं घर सांभाळणारी बिनलग्नाची बाई दोन्हीकडून बाहेर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिला आहे. नमस्काराऐवजी त्यासाठी सह्या गोळा करा, पहिली मी करते.

डिचोलीकर:
म्हणजे बहिणीनं भावाचं करायला सरकारनं पगार द्यायचा. मग राखी कशाला बांधायची?

पेडणेकर काकू:
राखीला तुम्ही पाकीट देता ना? तेव्हा नाही तुम्हाला पगार वाटत?

फोंड्याची वकील:
एक राहिलं. ज्याचं करता त्याचाही वाटा तेवढाच, पण तो सही करू शकत नाही. १८ पूर्ण झाल्यावर आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. आईबाप आहेत तोवर घ्या.

माटोळी:
मला हे आईच्या मागून कळलं, एका बँकेच्या काउंटरवर. ‘तुम्ही त्यांच्या कोण?’ मी म्हटलं, बहीण. ‘कागद?’ तेव्हा घरी तो दीड तास एकटा होता. रिक्षात बसून पहिल्यांदा रडले. त्याच्यासाठी नव्हे, पासबुकासाठी.

बारदेसकर:
आयकरात अवलंबून असलेल्या अपंग भावंडासाठीही सव्वा लाखाची वजावट आहे, ऐंशी टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर. ती घेता का?

माटोळी:
वजावट कशातून करू? मला उत्पन्न कुठाय?

फोंड्याची वकील:
आणि ती जुन्या करपद्धतीत, तीही इथे राहणाऱ्यांनाच. तुम्हाला नाही, बारदेसकर.

बारदेसकर:
बरं बाई, हरलो. काल रात्री बहिणीला फोन करून विचारलं, शेवटची एकटी बाहेर कधी गेलीस. म्हणाली, दाढदुखीला. मार्चमध्ये. मी तीन आठवडे येतोय, तिकीट काढलं. तिला सांगितलं तर म्हणते, ‘तुला पेज तरी भरवता येईल का?’ विलचं बाबांशी बोलेन. बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथेच राहू दे.

माटोळी:
पेज एकट्यानं नका भरवू. पहिले चार दिवस ती भरवेल, तुम्ही बघा. ठसका लागला तर थांबा, पाणी लगेच ओतू नका. भरवल्यावर अर्धा तास तरी बसताच ठेवा.

डिचोलीकर:
सगळ्यांचं मनसोक्त बोलून झालं असेल तर ‘देवी’ हा शब्द लेखातून काढतो. ‘साष्टांग’ राहील, तो माझा प्रश्न आहे. आणि सुशेगाद, फडकी आत्याच धुवायची. विहिरीवर. मी पाणी शेंदून द्यायचो, कधीकधी.

सुशेगाद:
कधीकधी. लिहा तसं लेखात.

माटोळी:
आत्याचं नावही घाला. आणि बारदेसकर, तुमचा एअर बेड कुठल्या दुकानातून घेतला? आमच्या पंपाची एक नळी कालपासून फुगत नाही, सध्या दर तासाला उठतेय.

बारदेसकर:
बहुतेक नळीचा सांधा सुटतो, आमचाही सुटला होता. म्हापशात दुरुस्त करणारा आहे, बहिणीकडून नंबर घेऊन वैयक्तिक निरोपात पाठवतो.