शब्दचर्चा : स्फटिक, खडा, गार आणि बिलोरी

लोलक :
मंडळी, प्रकाशाच्या कामी येणाऱ्या स्फटिकांवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच पानावर अडकले आहे. मूळ लेखात 'क्रिस्टल' तीन अर्थांनी येतो: प्रयोगशाळेत तयार केलेला पदार्थ, झुंबरांची-पेल्यांची भारीतली काच, आणि 'क्रिस्टल क्लिअर'मधला नितळपणा. मी तिन्हीकडे बिनधास्त 'स्फटिक' लिहीत गेले. मग एका वाक्यापाशी माझे मलाच हसू आले: 'हा स्फटिक खरे तर स्फटिक नसून काच आहे.' काय करावे?

कोशकिडा :
ताई, वाक्य खरेच आहे. फक्त त्यातला पहिला स्फटिक बोलीतला आणि दुसरा विज्ञानातला.

संस्कृतात स्फटिक म्हणजे मुळात एकच वस्तू: बिनरंगी, आरपार दिसणारा क्वार्ट्झ. धातू 'स्फट्', म्हणजे तडकणे, फुटणे. पण भाषेने तडकणे सोडून दिले आणि नितळपणा तेवढा उचलला, म्हणून आपण 'स्फटिकासारखे पाणी' म्हणतो. विज्ञानाला नितळपणाशी काही देणेघेणे नाही. तिथे प्रश्न एकच: आतले अणू ठरलेल्या मांडणीत, तीच मांडणी पुन्हा पुन्हा गिरवत बसले आहेत का? बसले असतील तर ठार अपारदर्शक लोखंडही स्फटिकी, नसतील तर लखलखीत काचही अस्फटिकी. कवीला जो स्फटिक वाटतो तो शास्त्रज्ञाला वाटेलच असे नाही.

आता गंमत ऐका. युरोपातला 'क्रिस्टल' आला ग्रीक 'क्रिस्तालोस'वरून आणि त्याचा अर्थ बर्फ. क्वार्ट्झ म्हणजे इतका घट्ट गोठलेला बर्फ की तो पुन्हा वितळतच नाही, अशी जुनी समजूत होती. रोमन लेखक प्लिनीनेही तसेच लिहून ठेवले आहे. आणि आपल्याकडे? आभाळातून पडते ती गार, थंड असते ते गार, आणि क्वार्ट्झचा दगड तोही गार. त्याचीच गारगोटी. ग्रीकांनी जे केले तेच मराठीनेही करून ठेवले आहे, कोणाला न विचारता. (तिन्ही 'गार' एकाच मुळाचे आहेत असा माझा दावा नाही, एका शब्दात सुखाने नांदतात एवढेच.) क्वार्ट्झचे घड्याळ म्हणजे शब्दशः गारेचे घड्याळ. त्यातली चिमुकली गार सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते.

राहिली झुंबराची काच. तिला 'बिलोरी काच' म्हणा की! शब्द तयार आहे, देखणा आहे आणि सध्या बेकार बसून आहे. त्याचा प्रवासही ऐकण्यासारखा. आपल्याकडचे 'वैडूर्य', पालीत 'वेळुरिय', ग्रीकात 'बेरिल्लोस', तिथून अरबी-फारसीत 'बिल्लौर' आणि फिरून आपल्या दारी 'बिलोरी', अशी साखळी व्युत्पत्तिकार मांडतात. जर्मनमध्ये चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात, तीही या बेरिल्लोसचीच नात. घरून गेलेला पोरगा वेष पालटून परत आला आणि घरच्यांनी त्याला पाहुणा समजून पाट मांडला, असा प्रकार आहे हा. आज मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, तो तर भलताच खडा.

लोलक :
बिलोरी! हा शब्द आरशाखेरीज कुठे वापरता येईल हे डोक्यातच आले नव्हते. झुंबराचे काम झाले.

भट्टीवाला :
मी स्फटिक तयार करण्याच्या कामात आहे. आमच्यात कोणी 'स्फटिक' म्हणत नाही. 'क्रिस्टल ग्रो केला', 'सीड लावलं', 'मेल्ट बिघडला' असंच चालतं. पण लेखात कृपा करून 'स्फटिक बनवला' लिहू नका. बनवतात खुर्ची. स्फटिक वाढतो, आपण फक्त त्याच्या वाढीच्या आड येत नाही. म्हणून 'स्फटिक वाढवणे'.

खात्री करायची असेल तर तुरटी घ्या. कोमट पाण्यात विरघळेनाशी होईपर्यंत विरघळवा, गाळा, झाका आणि ठेवून द्या. तळाशी बारीक खडे दिसतील. त्यातला एक नीट आकाराचा निवडून दोऱ्याला बांधा आणि नव्या संपृक्त द्रावणात मधोमध सोडा. हा झाला बीजस्फटिक. पाणी हळूहळू उडतं, आणि द्रावणातली तुरटी बीजाच्या पृष्ठावर थरावर थर चढवत जाते. काही दिवसांनी दोऱ्याच्या टोकाला आठ पैलूंचा खडा लटकलेला दिसतो. कोणी पैलू पाडलेले नसतात. आतली मांडणी बाहेर आलेली असते. भांडं हलवलं किंवा उन्हात ठेवलं की एकाऐवजी वीस खडे एकमेकांत रुतून बसतात. तो मग बहुस्फटिकी गोळा. लेसरला तो नको असतो. तिथे एकस्फटिकच लागतो, कारण दोन खड्यांच्या शिवणीवर प्रकाश विखुरतो.

मोठ्या कामात तत्त्व हेच, फक्त धीर जास्त. अमेरिकेत १९२ लेसरझोत एका ठिपक्यावर रोखणारं यंत्र आहे. त्यातला अदृश्य अवरक्त प्रकाश अतिनील करायला केडीपी नावाच्या पदार्थाचे एकसंध पत्रे लागतात. जुन्या पद्धतीने एवढा स्फटिक वाढायला दोन वर्षं जायची, नंतर ते काम दोनेक महिन्यांवर आलं. आणि वितळलेल्या पदार्थातून स्फटिक वर ओढायची जी पद्धत आज सिलिकॉनला वापरतात, ती सापडली चुकीतून. १९१६ मध्ये चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडवला, बाहेर काढला तर निबेला धातूची बारीक तार. ती तार म्हणजे एकस्फटिक होता.

फळा-खडू :
'वाढवणे' बरोबरच, पण भट्टीवाले, मराठीत बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणतात. 'मी काल एक मोठा स्फटिक वाढवला' याचा अर्थ काय घ्यायचा?

भट्टीवाला :
दोन्ही. सुरुवातीला एकदा तीन आठवडे सांभाळलेला हाताएवढा केडीपी कोमट द्रावणातून घाईने बाहेर काढला. खोलीतली गार हवा लागली आणि टिचकी मारल्यासारखा आवाज आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. वाढवलेला स्फटिक वाढला. 'स्फट्'चा अर्थ त्या दिवशी नीट कळला.

लोलक :
आता पुढचा खड्डा. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दिशा बदलतो, त्याला काय लिहू? माझ्यापुढे तीन शब्द आहेत आणि तिन्ही छापील.

फळा-खडू :
वक्रीभवन, प्रणमन, अपवर्तन. माझ्या आईच्या वहीत वक्रीभवन आहे, विश्वकोशात प्रणमन आणि आजच्या पाठ्यपुस्तकात अपवर्तन. वक्रीभवन कानाला गोड, पण फसवे. किरण वक्र होत नाही, सीमेवर मोडतो आणि पुन्हा सरळ जातो. पोरे मग आकृतीत खरोखर कमान काढतात, मी दरवर्षी खोडते. प्रणमन, म्हणजे लवणे, मला अर्थाने सर्वांत जवळचे वाटते. तरी लेख शाळकरी वाचकांपर्यंत जाणार असेल तर अपवर्तन लिहा. वाचकाला आधीच येणारा शब्द हातचा सोडू नये. 'फ्रिक्वेन्सी'साठीच्या कंप्रता आणि वारंवारता यांचेही तेच: कोशात पहिला, वर्गात दुसरा.

अपवर्तनांक म्हणजे किरण किती मोडतो त्याचे माप. दोन अपवर्तनांकांच्या, म्हणजे एका किरणाचे दोन करणाऱ्या स्फटिकांसाठी 'दुहेरी अपवर्तन' पुरते, 'द्वि'चा सोस नको. माझ्याकडे कॅल्साइटचा एक तुकडा आहे, तिरप्या पेटीच्या आकाराचा. तुमचा प्रश्न वाचून तो शब्दकोशात 'स्फटिक' या नोंदीवर ठेवला. शब्द दोनदा दिसला, एकावर एक किंचित सरकलेला. 'स्फ'च्या जोडाक्षराची तर पार गुंतवळ. तुकडा कागदावर टेकवूनच गोल फिरवला की एक प्रतिमा जागची हलत नाही आणि दुसरी तिच्याभोवती फेरी घालते. हलत नाही तिचा तो सामान्य किरण, फिरते तिचा असामान्य. नावे ठेवणाऱ्यांनी चांगली ठेवली आहेत. अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६, म्हणून फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. डेन्मार्कच्या बार्थोलिनने हे १६६९ मध्येच लिहून ठेवले होते.

आणि हो, या दोन किरणांच्या बाबतीत 'पोलरायझेशन'ला 'ध्रुवण' लिहा. 'ध्रुवीकरण' हल्ली राजकारणाने नेले आहे.

उगाच :
सगळीकडे 'खडा' का नको? तुरटीचा खडा, मिठाचा खडा, माणकाचा खडा. अस्सल मराठी.

कोशकिडा :
खडा वस्तूला चालतो, अवस्थेला चालत नाही. 'खडाविज्ञान' म्हणून पाहा. शिवाय जिभेवर येतो तसा खडा चपलेतही येतो. पण लेखात जिथे हातात धरण्याजोगा तुकडा आहे तिथे 'खडा' जरूर लिहावा, वाक्य जिवंत होते.

माणकावरून आठवले. १९६० मध्ये मेमनने पहिला लेसर चालवला तो कृत्रिम माणकाच्या बोटाच्या पेराएवढ्या दांडीवर. माणिक आणि नीलम हे दोन्ही मुळात कुरुंद, म्हणजे धार लावायचा दगड ज्याचा करतात तेच खनिज. शुद्ध कुरुंदाला रंगच नाही. त्यात क्रोमियम किंचित शिरले की तो माणिक होतो, आणि लेसरचा लाल प्रकाशही त्या क्रोमियमचाच. आता या क्रोमियमला आपल्या परिभाषेत म्हणतात 'मलद्रव्य'! ज्याच्यामुळे दगडाचे रत्न झाले त्याला मळ म्हणायचे, हा अन्याय नाही तर काय? मी तिथे सरळ 'मुद्दाम मिसळलेले क्रोमियम' असे लिहितो. एका शब्दाऐवजी दोन गेले तरी चालतील.

लोलक :
घेतले. आता खरी डोकेदुखी: 'सेकंड हार्मोनिक जनरेशन'. मी 'द्वितीय संवादी निर्मिती' लिहिले आहे आणि वाचताना गायनाचा वर्ग भरल्यासारखे वाटते.

भट्टीवाला :
काय घडतं ते आधी सांगतो, शब्द आपोआप सापडेल. तीव्र लेसरप्रकाश काही विशिष्ट स्फटिकांत शिरला की त्यातले दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळून दुप्पट ऊर्जेचा एक होतो. वारंवारता दुप्पट, तरंगलांबी निम्मी. हिरवा लेसर पॉइंटर असाच चालतो: आत १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश तयार होतो आणि पुढचा केटीपी नावाच्या स्फटिकाचा कण त्यातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा काढतो. म्हणून 'वारंवारता दुप्पट होणे', आणि त्या स्फटिकाला 'दुप्पटकारी स्फटिक'. संवादी-बिंवादी सोडा.

याचा पहिला प्रयोग १९६१ चा, मिशिगन विद्यापीठात, फ्रँकन आणि सहकाऱ्यांचा. माणिक लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत गारेतून, तुमच्या त्याच क्वार्ट्झमधून, पाठवला आणि प्रकाशचित्राच्या काचेवर ३४७.२ च्या जागी एक पुसटसा ठिपका उमटला. सगळा शोध त्या ठिपक्यात. छापून आलेल्या आकृतीत मात्र बाण आहे आणि बाणासमोर काहीच नाही. छपाईच्या तयारीत कोणीतरी तो ठिपका डाग समजून साफ केला, असं सांगतात.

लोलक :
'दुप्पटकारी' जरा खरखरीत आहे, पण कळतो. चालेल. शेवटचा प्रश्न: 'क्वासिक्रिस्टल'. 'अर्धस्फटिक'?

कोशकिडा :
नको. अर्धा म्हणजे निम्मा, 'अर्धवाहक'मध्ये तो शोभतो. इथे मांडणी पूर्ण शिस्तीची आहे, फक्त ती तशीच्या तशी पुन्हा येत नाही. १९८२ मध्ये शेख्टमन या इस्रायली शास्त्रज्ञाला ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत ती दिसली तेव्हा भल्याभल्यांनी त्याला वेड्यात काढले, कारण अशी दहापदरी सममिती स्फटिकात बसतच नाही असे सगळे शिकले होते. २०११ चे नोबेल त्याला मिळाले. पण शब्दवाल्यांसाठी महत्त्वाचे वर्ष १९९२. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघटनेने 'स्फटिक' या शब्दाची व्याख्याच बदलली. पुनरावृत्तीची अट गेली. क्ष-किरणांसारखे किरण पदार्थातून जाताना ठरावीक दिशांना विखुरतात, त्या विवर्तनात सुटे, स्पष्ट ठिपके मिळाले की तो घन पदार्थ स्फटिक. म्हणजे ज्या कसोटीवर १९१२ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लाउएच्या सहकाऱ्यांनी मोरचुदाचा खडा पारखला, तीच कसोटी पुढे व्याख्या झाली.

संस्कृतात 'जवळजवळ तसाच' यासाठी '-कल्प' आहे, मृतकल्पमधला. 'स्फटिककल्प' कसा वाटतो?

फळा-खडू :
नव्या व्याख्येप्रमाणे तो स्फटिकच असेल, तर 'जवळजवळ' कशाला?

कोशकिडा :
बाई, तुम्ही मला कोंडीत पकडले आहे. तरी नाव तर हवेच.

उगाच :
आणि एलसीडीतला लिक्विड क्रिस्टल? त्यात तर घनही नाही.

कोशकिडा :
'द्रवस्फटिक' रुळला आहे, राहू द्या. वाहणारा खडा म्हणजे वदतोव्याघात खराच, पण १८८८ मध्ये राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू मिळाले, तेव्हा त्यालाही तसेच वाटले असणार.

लोलक :
मंडळी, मसुदा गेला. 'बिलोरी काच', 'बीजस्फटिक', 'दुहेरी अपवर्तन', 'दुप्पटकारी', सगळे ठेवले. 'स्फटिककल्प' अवतरणचिन्हांत. फ्रँकनच्या प्रयोगाची आकृती मी स्वतः काढली आणि बाणासमोर तो ठिपका आठवणीने दिला. मुद्रितशोधकांकडून पान आज परत आले. सगळे शब्द जसेच्या तसे, फक्त आकृतीत ठिपक्याभोवती लाल गोल आणि समासात लिहिलेले: 'डाग पडला आहे, काढावा.'