ऐंशी-नव्वद हजारांच्या लॅपटॉपमध्ये आधी स्क्रीन पाहावी की ग्राफिक्स कार्ड?

कडेपठार (धागाकर्ता)

सहा वर्षे वापरलेला माझा लॅपटॉप आता थकला आहे आणि दिवाळीच्या आत ८० ते ९० हजार रुपयांत नवा घ्यायचा आहे. काम दोनच प्रकारचे आहे: कॅमेऱ्यातल्या २४ मेगापिक्सेलच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये संपादित करणे, आणि रात्री तासभर धाकट्या भावाबरोबर व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ खेळणे. दुकानदारापासून मित्रांपर्यंत ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी पहिल्याच वाक्यात ग्राफिक्स कार्डाचे नाव घेतले. या किमतीत आधी स्क्रीन ठरवावी आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि त्यामागे एक अनुभव आहे.

गेल्या सप्टेंबरात कासच्या पठारावर तेरडा ऐन बहरात असताना मी दोन दिवस छायाचित्रे काढली. घरी येऊन संपादनाला बसलो तेव्हा तेरड्याचा गुलाबी रंग मला फिका वाटला, म्हणून सॅच्युरेशन वाढवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले आणि आणखी वाढवले. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट हातात आला तेव्हा पाकळ्यांवरच्या बारीक शिरा आणि मधल्या फिकट छटा पार बुजून गेल्या होत्या आणि पाकळीच्या जागी गडद गुलाबी रंगाचा एकसंध डाग उरला होता. प्रिंट करणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती, कारण तीच फाइल आईच्या मोबाइलवर उघडली तेव्हा तिथेही तोच डाग दिसला. मग शोधाशोध केल्यावर कळले की माझ्या लॅपटॉपची स्क्रीन ‘४५ टक्के एनटीएससी’ प्रकारची आहे. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचे परिमाण असून, आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एसआरजीबी या रंगमानकाच्या हिशेबात ४५ टक्के म्हणजे जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग होतात. जो रंग स्क्रीन दाखवूच शकत नव्हती, तो मी दोन दिवस स्लायडर ओढून शोधत होतो.

या किमतीतल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये अजूनही तीच स्क्रीन असते. १४४ हर्ट्‌झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) ठळक अक्षरांत छापलेले असते आणि रंगांचा आकडा माहितीपत्रकाच्या तळाशी शोधावा लागतो. रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी बदलता येते, पण स्क्रीन मात्र पाच वर्षे तीच राहते. म्हणून १०० टक्के एसआरजीबी आणि किमान ३०० निट्स (स्क्रीनच्या तेजाचे एकक), हे आधी पाहावे.

मांडव

तुमचा प्रिंट वाया गेल्याचे वाचून वाईट वाटले, कारण ही चूक मीही केली आहे, आणि माझ्या बाबतीत ती नवरीच्या शालूवर झाली होती. तरीही तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. नंतर काय बदलता येत नाही हीच कसोटी लावायची असेल, तर ती आधी ग्राफिक्स कार्डाला लागते. या लॅपटॉपांत ते मदरबोर्डवर सोल्डर केलेले असते आणि त्याला पर्याय नसतो. स्क्रीनला मात्र आहे. जवळजवळ संपूर्ण एसआरजीबी दाखवणारा २४ इंची आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर दहा-बारा हजारांत मिळतो, तो एचडीएमआयने जोडला की तुमचा प्रश्न संपला, आणि लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो.

आता कार्डाची गरज सांगतो. मी लग्नांची छायाचित्रे काढतो. संध्याकाळचे रिसेप्शन, हॉलमधले पिवळे दिवे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० च्या खाली उतरता येत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक फाइलमध्ये दाणे येतात. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिकमध्ये एआय डिनॉइज, म्हणजे दाणे काढण्याची सोय, आले आणि माझ्या कामाची पद्धतच बदलली, पण त्याचा सारा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. माझ्या आरटीएक्स ४०५० या ग्राफिक्स कार्डावर २४ मेगापिक्सेलच्या एका फाइलला सुमारे २० सेकंद लागतात. आधीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स होते, त्यावर सुमारे चार मिनिटे लागत. एका रिसेप्शनच्या ३०० फाइल धरल्या तर एकीकडे १०० मिनिटे होतात आणि दुसरीकडे २० तास. हा फरक कोणतीही स्क्रीन भरून काढू शकत नाही.

कडेपठार (धागाकर्ता)

तुमचा हिशेब बिनचूक आहे, पण तो तुमच्या कामाचा आहे. मी महिन्याला तीस-चाळीस छायाचित्रांवर काम करतो आणि त्यांतली बहुतेक दिवसाच्या उजेडातली, आयएसओ १०० ते ४०० मधली असतात. डिनॉइज लागलेच तर दोन-चार फाइलींना लागते, आणि तेवढी मिनिटे मी आनंदाने थांबेन. मॉनिटरचे बारा हजार याच ९० हजारांतून जाणार आहेत. शिवाय भ्रमंतीत मुक्कामावर बसून त्याच रात्री निवड करण्याची माझी सवय आहे, आणि तिथे मॉनिटर नेता येत नाही.

खेळांविषयी म्हणाल तर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ ला मोठ्या कार्डाची गरजच नाही. रेडिऑन ७८०एम सारखे प्रोसेसरमधले ग्राफिक्सही १०८० पिक्सेलवर ते व्यवस्थित चालवते.

सॉकेट

मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो आणि दोघांच्याही एकेका विधानाला दुरुस्ती सुचवतो.

कडेपठार, रॅम नंतर वाढवता येते हे सरसकट खरे नाही. ज्या पातळ लॅपटॉपांत उत्तम ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशणारी) स्क्रीन मिळते, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे तुमच्या पसंतीच्या गटातच ती अडचण जास्त आहे. तिथे १६ जीबी पहिल्याच दिवशी घ्यावी लागेल. ज्या यंत्रांत रॅमचे स्लॉट आहेत, तिथे दोन्ही भरलेले आहेत का ते पाहा, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरते आणि एकच पट्टी असली तर खेळांचा वेग सपाटून पडतो. उलट गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन बदलता येते. १५.६ इंची १४४ हर्ट्‌झच्या पॅनलना बहुधा स्क्रीन बोर्डाला जोडणारे ४० पिनांचे ईडीपी कनेक्टर असते, आणि त्याच मापाचे, पूर्ण एसआरजीबीचे पॅनल बसवून मी ग्राहकांना दिले आहे. मात्र वॉरंटी असेपर्यंत हे करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

मांडव, नुसते ‘४०५०’ म्हणून भागत नाही. लॅपटॉपमधल्या या कार्डाला ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा उत्पादकाला असते, आणि पातळ यंत्रातले ४५ वॉटचे ४०५० हे जाड यंत्रातल्या ९५ वॉटच्या ४०५० शी बरोबरी करू शकत नाही. प्रोसेसरचेही तसेच आहे. रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७८४०यू ही नावे शेजारी ठेवली तर सख्खी भावंडे वाटतात, पण त्या मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो: ३ म्हणजे जुने झेन ३ आणि ४ म्हणजे झेन ४. ७८०एम हवे असेल तर ते ७८४० मध्ये आहे, ७७३० मध्ये नाही, आणि दुकानात दोन्हींना ‘रायझन ७’ एवढेच म्हणतात.

शाईपेन

या बजेटला थोडा ताण दिला किंवा सवलतीची वाट पाहिली, तर एम ४ चा मॅकबुक एअर का घेऊ नये? सर्वांत कमी किमतीच्या आवृत्तीतही १६ जीबी रॅम आहे, स्क्रीन पी ३ (एसआरजीबीपेक्षा मोठ्या कक्षेचे) रंग दाखवते आणि पंखाच नसल्यामुळे आवाज शून्य. मी त्यावर छायाचित्रांचे पुस्तक तयार केले आणि प्रिंटमध्ये मला एकदाही धक्का बसला नाही.

कडेपठार (धागाकर्ता)

संपादनापुरते पाहिले तर तुमचा पर्याय सर्वांत सरळ आहे. पण व्हॅलोरंट मॅकवर चालतच नाही, काउंटर-स्ट्राइक २ ही नाही, आणि भाऊ शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून तो रात्रीचा एक तास हीच आमची भेट आहे. ती मला सोडायची नाही.

सॉकेट, रॅमबद्दलची चूक मान्य करतो. यादीतली दोन नावे त्यामुळे आताच खोडली.

मांडव

ओएलईडीकडे वळणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. तुमच्या जुन्या स्क्रीनने रंग कमी दाखवले आणि तुम्ही ते वाढवलेत. ओएलईडीवर नेमके उलटे होऊ शकते. पॅनल पी ३ चे रंग दाखवणारे आणि कलर प्रोफाइल चुकीचे असेल, तर कुंकू आणि हळद इतकी भडक दिसतात की माणूस रंग उतरवत बसतो, आणि ग्राहकाच्या मोबाइलवर ते छायाचित्र मलूल दिसते. यंत्रात एसआरजीबी मोड आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. काही ओएलईडी पॅनल कमी ब्राइटनेसवर लुकलुकतात आणि रात्री काम करणाऱ्यांचे डोळे दुखतात, तेव्हा दुकानात ब्राइटनेस अगदी खाली आणूनही पाहा.

माझे मत मात्र बदललेले नाही. आज तुम्ही आयएसओ ४०० वर आहात, पण छंद वाढतो. उद्या कोणी घरचे लग्न सोपवले की तुम्हाला माझे २० तास आठवतील.

कडेपठार (धागाकर्ता)

घरचे लग्न खरेच आहे, फेब्रुवारीत, मावसबहिणीचे. त्यामुळे तुमचे वाक्य मला लागले आहे. ९५ वॉटचे ४०५० आणि १०० टक्के एसआरजीबी हे दोन्ही ९० हजारांत एकत्र मिळत असेल तर वाद मिटलाच, पण दोन्हींतले एकच मिळणार असेल तर मी अजूनही स्क्रीनच निवडणार आणि लग्नाच्या फाइली रात्रभर लावून झोपणार.

शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, संगणकांच्या बाजारात, जातो आहे. पेन ड्राइव्हमध्ये तेरड्याची मूळ रॉ फाइल आणि ती बिघडवलेली फाइल, दोन्ही घेतल्या आहेत, आणि तो वाया गेलेला प्रिंटही गुंडाळून बरोबर नेतो आहे. स्क्रीनवर बिघडलेली फाइल प्रिंटइतकीच वाईट दिसली, म्हणजे पाकळीच्या शिरा तिथेही बुजलेल्या दिसल्या, तर ती स्क्रीन माझ्याशी खरे बोलते आहे असे मी समजेन.

सॉकेट

पद्धत योग्य आहे. फक्त दुकानातले दिवे फार प्रखर असतात, तेव्हा स्क्रीन उजेडाकडे पाठ करून ठेवायला सांगा, आणि विंडोजमधले नाइट लाइट (रात्रीसाठी स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद आहे याची खात्री करा. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांकही टिपून घ्या, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या स्क्रीन येतात आणि काउंटरवर मांडलेले यंत्र व तुमच्या हाती दिलेले खोके यांचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.