मदत हवी आहे: पोलिसांच्या हायब्रीड गाड्यांचे लाँचमधले बचतीचे आकडे कसे तपासायचे?

अण्णा मिशिगनकर

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, पण डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांमध्ये आपली बरीच माणसं आहेत आणि त्यातली काही इथे पडीक असतात हे माहीत आहे, म्हणून इथेच विचारतोय.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेला एका छोट्या टाउनशिपमध्ये (म्हणजे इथली गावपातळीची स्थानिक संस्था) राहतो. तिथल्या नागरिकांच्या बजेट सल्लागार समितीवर मी आहे (पगार शून्य, कॉफी फुकट). यंदा पोलिसांच्या ८ जुन्या गाड्या बदलायच्यात. पोलीस चीफसाहेबांचं मन पेट्रोल व्ही-६ वर (सहा सिलिंडरचं साधं इंजिन) आहे आणि डीलर म्हणतोय हायब्रीड (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरी-मोटर) घ्या. दोन्ही फोर्डच्या पोलीस इंटरसेप्टर युटिलिटी, म्हणजे एक्सप्लोररचं पोलिसी भावंड. कोटेशनमध्ये हायब्रीड गाडीमागे ३,५०० डॉलरने महाग आहे.

तर झालं असं की डीलरच्या माणसाने एक स्लाइड दाखवली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की हायब्रीड पोलीस गाडी वर्षाला जवळजवळ ३,९०० डॉलरचं पेट्रोल वाचवते, म्हणजे पहिल्याच वर्षात जास्तीचे पैसे वसूल. शेजारच्या सभासदाने तिथल्या तिथे ८ ने गुणून ३१,२०० डॉलर काढले आणि ते पैसे पार्कच्या बाकड्यांवर खर्च करायची भाषा पण सुरू झाली!! मी विचारलं हा आकडा आला कुठून, तर म्हणाला कंपनीने गाडीचं अनावरण केलं तेव्हा जाहीर केलेला आहे, अधिकृत आहे.

अधिकृत असेल हो, पण पडदा ओढायच्या दिवशी सांगितलेल्या आकड्यावर आमच्यासारख्या छोट्या टाउनशिपने बजेट बांधावं का? मला दोन गोष्टी हव्यात. एक, नवीन मॉडेल दाखवताना कंपन्या हे आकडे कसे काढतात ते आतल्या कुणीतरी सांगा. दुसरं, आमच्या गाड्यांसाठी खरा आकडा काढायचा तर नेमकं काय मोजायचं? मी अकाउंट्सचा माणूस, इंजिनातलं फारसं कळत नाही, तेव्हा जरा सोप्यात सांगा.

आणि हो, हायब्रीडने पाठलाग होतो का? चीफसाहेबांची मुख्य शंका ती आहे.

---

कोथरूडकर

पहिला नंबर! आमच्याकडे पोलिसांच्या जीपला धक्का मारून सुरू करायचं वय माझं गेलं आणि तुमच्याकडे हायब्रीडने पाठलाग.

गमतीचा भाग सोडा. अनावरण आणि विक्री यात किती अंतर असतं ते आपण नॅनोच्या वेळी बघितलंच की. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी गाडी दाखवली, लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली, आणि बाजारात आली मार्च २००९ ला. मधल्या काळात सिंगूर सोडून साणंद गाठावं लागलं. इनोव्हा हायक्रॉसचंसुद्धा नोव्हेंबर २०२२ मध्ये नुसतं दर्शन, किंमत डिसेंबरच्या शेवटी. आधी चेहरा दाखवायचा, बुकिंग घ्यायचं, भाव मग.

तुमच्या हिशोबात मदत करू शकत नाही, वाचतोय.

---

वायरहार्नेस

अण्णा, मी बरीच वर्षं एका कंपनीत इलेक्ट्रिकलला होतो, लाँचच्या टीमला आकडे पुरवायचं काम आमच्याकडेही यायचं. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी हे की तो ३,९०० चा आकडा तुमच्या गाडीचा नाहीच आहे. तो आहे फोर्डच्या पोलीस रिस्पॉन्डर हायब्रीड सेडानचा. एप्रिल २०१७ मध्ये लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे एकाच वेळी दाखवली होती ती, न्यूयॉर्कच्या ऑटो शोच्या तोंडावर. फ्यूजन हायब्रीडवर बेतलेली, २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. फ्यूजन २०२० मध्येच बंद झाली, म्हणजे तुमचा डीलर बंद पडलेल्या सेडानचा आकडा एसयूव्हीला चिकटवतोय.

आता अनावरणाबद्दल. गाडी एकदम पडद्यामागून येत नाही, हप्त्याहप्त्याने येते. जानेवारी २०१७ मध्ये फोर्डने पुढच्या पाच वर्षांत १३ इलेक्ट्रिक आणि हायब्रीड मॉडेल आणू असं जाहीर केलं, त्यात पोलिसांच्या दोन हायब्रीड होत्या. (त्याच यादीत हायब्रीड मस्टँगपण होती, ती काही आली नाही. यादीत नाव आलं म्हणजे गाडी रस्त्यावर आली असं नसतं.) मग एप्रिलमध्ये सेडानचं दर्शन, ऑर्डरी लगेच चालू, पण गाड्या हातात २०१८ च्या उन्हाळ्यात. तुमच्या एसयूव्हीचं तर उलटंच, पोलिसांच्या हायब्रीडची माहिती २०१८ मध्येच बाहेर आली आणि साधी २०२० ची एक्सप्लोरर जानेवारी २०१९ ला डेट्रॉईटमध्ये फोर्ड फील्डवर नाचतगाजत दाखवली. पोलीस खात्यांची बजेटं वर्षभर आधी ठरतात ना, त्यांना आधी सांगावंच लागतं.

स्टेजवर उभी असते ती गाडी बहुतेक वेळा प्री-प्रॉडक्शन (कारखान्यात नेहमीचं उत्पादन सुरू होण्याआधीची) असते आणि मायलेजचा आकडा अंदाजित. खोटा नसतो बरं का, प्रत्येक शब्द वकिलांच्या नजरेखालून गेलेला असतो. पण हे स्थळाच्या बायोडाट्यातल्या पगारासारखं आहे, आकडा खरा, हातात किती पडतो ते खाली बारीक अक्षरात.

ती बारीक अक्षरं अशी होती: गाडी वर्षाला २०,००० मैल चालते, रोज दोन शिफ्ट, वर्षाचे ३६५ दिवस, आठ तासांच्या शिफ्टमध्ये ४.९ तास गाडी इंजिन चालू ठेवून उभी, तशा उभ्या गाडीचं तासाला ०.२७ गॅलन वाचतं, आणि पेट्रोल अडीच डॉलर गॅलन.

आता मांडा. चालण्यातली बचत: जुन्या सेडानला गॅलनला १८ मैल, हायब्रीडला ३८. २०,००० मैलांना १,१११ गॅलनच्या जागी ५२६, वाचले ५८५ गॅलन, म्हणजे साधारण १,४६० डॉलर. उभं राहण्यातली बचत: ४.९ गुणिले २ गुणिले ३६५ म्हणजे ३,५७७ तास, गुणिले ०.२७ म्हणजे ९६६ गॅलन, म्हणजे २,४१५ डॉलर. बेरीज करा, बरोब्बर ३,९०० च्या आसपास येते.

बघितलंत? साठ टक्क्यांच्या वर पैसे गाडी *उभी असताना* वाचतात. १८ आणि ३८ च्या मोठ्या अक्षरांकडे सगळे बघत बसतात आणि खरी गोम शिफ्टमध्ये आहे. पोलीस गाडी उभी असते तेव्हा इंजिन बंद करता येत नाही, वर दिव्यांची पट्टी, रेडिओ, लॅपटॉप, एसी सगळं चालू असतं, त्यामुळे साध्या गाडीचं इंजिन पूर्ण वेळ घरघरत राहतं. हायब्रीडमध्ये तो लोड लिथियमची बॅटरी उचलते, ती उतरली की इंजिन थोडा वेळ चालू होऊन चार्ज करतं, परत बंद.

तेव्हा तुम्हाला एकच गोष्ट मोजायची आहे, तुमच्या गाड्या वर्षाला किती तास उभ्या असतात. आणि त्यासाठी काही करावं लागत नाही! इंटरसेप्टरच्या मीटरमध्येच दोन आकडे असतात, इंजिन अवर्स (इंजिन एकूण किती तास चालू होतं) आणि आयडल अवर्स (त्यातले किती तास गाडी उभी होती). चीफसाहेबांना गाडीत बसून मीटरचा मेनू उघडायला सांगा आणि फोटो मागवा.

---

शेवग्याची शेंग

वायरहार्नेस, मस्त प्रतिसाद. एक भर घालते, मी मिनेसोटात हायब्रीड चालवते (पोलिसात नाही 😀). थंडीत हे इंजिन-बंद प्रकरण निम्मं होऊन जातं कारण हीटरला गरम पाणी इंजिनातूनच येतं. बाहेर उणे पंधरा आणि आत माणूस बसलाय तर इंजिन सारखं पेटत राहतं. लॉस एंजेलिसला पडदा ओढलेल्या गाडीचा हिशोब मिशिगनच्या जानेवारीला तसाच्या तसा लावू नका अण्णा.

ब्रेकचं मात्र कुणी बोलत नाही, हायब्रीडचे पॅड खूप टिकतात, कारण थांबताना बरंचसं काम मोटर करते. पोलीस गाड्या ब्रेक खातात, तो खर्च पण धरा.

---

अण्णा मिशिगनकर

दंडवत घ्या दोघांनी. इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो मागवले. चीफसाहेब आधी कुरकुरले, मग स्वतःच गंमत वाटून सगळ्या गाड्यांचे काढून पाठवले. सरासरी गाडी चार वर्षांची, ६०,००० मैल, इंजिन अवर्स ४,८००, आयडल अवर्स ३,१००. म्हणजे इंजिन चालू असलेल्या वेळातला जवळजवळ ६५ टक्के वेळ गाडी एका जागी उभी! चीफसाहेबांनाही हे माहीत नव्हतं, ते म्हणाले आमची पोरं सतत फिरत असतात.

आता माझा हिशोब, तपासा कृपया. उभी: ३,१०० भागिले ४ म्हणजे वर्षाला ७७५ तास, गुणिले ०.२७ म्हणजे २०९ गॅलन. कंपनीने धरलेले ३,५७७ तास, आमचे त्याच्या पाव पण नाहीत, कारण बऱ्याच गाड्या एकाच शिफ्टला आणि आठवड्याला तीन-चार दिवस बाहेर पडतात. चालती: वर्षाला १५,००० मैल, गॅलनला १७ च्या जागी २४ धरले (हे दोन्ही आकडे डीलरच्याच कागदावरचे), वाचले २५७ गॅलन. एकूण ४६६ गॅलन, सध्याच्या सव्वातीन डॉलरच्या भावाने १,५१५ डॉलर. म्हणजे ३,५०० वसूल व्हायला सव्वादोन-अडीच वर्षं. आम्ही गाडी पाच वर्षं ठेवतो.

तर बाकडी नाही येणार, पण तोटाही नाही. बरोबर का?

आणि पाठलागाचं राहिलंच.

---

वायरहार्नेस

गणित बरोबर आहे, पण एक पाचर मारतो. तो १७ चा आकडा जुन्या ३.७ लिटर व्ही-६ चा आहे. ते इंजिन आता मिळत नाही. तुमच्यासमोर पर्याय आहे ३.३ लिटर पेट्रोल विरुद्ध ३.३ लिटर हायब्रीड, आणि नव्या पेट्रोलचं मायलेज १७ पेक्षा बरं आहे. म्हणजे चालण्यातली बचत २५७ पेक्षा कमी होईल. लाँचमध्ये हे नेहमी होतं, नवीन गाडी जुन्या गाडीशी तुलना करून दाखवतात, शेजारी उभ्या असलेल्या स्वस्त भावाशी नाही. डीलरकडून आजच्या पेट्रोल मॉडेलचा ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, मायलेजचे अधिकृत आकडे तीच देते) आकडा लेखी मागा आणि ती ओळ परत करा. त्यात शेवग्याची शेंग म्हणतात ती थंडी धरा. माझ्या मते वसुली तीन-साडेतीन वर्षांवर जाईल, तरी पाचाच्या आत आहे.

आयडलवर अजून एक. फोर्डचाच ठोकताळा आहे की एक तास उभं राहणं म्हणजे इंजिनाला ३३ मैल चालल्याइतकी झीज. तुमचे ३,१०० तास म्हणजे एक लाख मैलांच्या वर. मीटरवर ६०,००० दिसतंय आणि इंजिन आतून दीड लाखाचं झालंय. जुन्या गाड्या लिलावात कमी भावाने का जातात ते कळलं असेल. हायब्रीडमध्ये ही झीज कमी होते, आणि हायब्रीडच्या भागांना ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी आहे, ती पोलीस वापराला लागू आहे असं कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

पाठलाग: चीफसाहेबांना सांगा हायब्रीडची एकत्रित ताकद ३१८ हॉर्सपॉवर आहे आणि साध्या ३.३ पेट्रोलची २८५. म्हणजे त्यांना हवी असलेली गाडीच कमी ताकदीची आहे. सुसाट हवी असेल तर ४०० हॉर्सपॉवरची ३ लिटर टर्बो, तिचं पेट्रोलचं बिल वेगळं. 'पर्सूट-रेटेड' (पाठलागाच्या वापरासाठी योग्य ठरवलेली) हा शब्द तेवढा कागदावर शोधा. २०१७ मध्ये रिस्पॉन्डरला पहिली पर्सूट-रेटेड हायब्रीड म्हणून मिरवलं होतं, पण त्यानंतर आलेली फोर्डचीच प्लग-इन (बाहेरून वीज लावून चार्ज करायची) पोलीस सेडान तशी नव्हती, ती डिटेक्टिव्ह आणि फायर चीफ लोकांसाठी होती. सगळ्याच हायब्रीड पळवायच्या नसतात.

आणि यात कंपनीवर विश्वास ठेवायची गरजच नाही, कारण तुम्ही मिशिगनमध्ये राहता. मिशिगन स्टेट पोलीस दरवर्षी नव्या मॉडेलच्या सगळ्या पोलीस गाड्या स्वतः पळवून बघतात, चेल्सीच्या टेस्ट ट्रॅकवर वेग आणि ब्रेक, ग्रॅटनच्या रेसट्रॅकवर वळणं. सेकंदांसकट निकाल छापतात आणि फुकट मिळतात. चीफसाहेबांकडे त्याची प्रत ऑफिसात पडलेली असणार, पैज लावतो.

---

अण्णा मिशिगनकर

होती! कपाटावर, प्लास्टिकसकट.

गुरुवारी मीटिंग आहे. डीलरला ईमेल टाकलंय: आजच्या ३.३ पेट्रोलचं मायलेज, पोलीस वापराची वॉरंटी आणि स्लाइडवरचा आकडा कुठल्या मॉडेलचा आहे, तिन्ही लेखी. शेवटच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही, पहिल्या दोनांना अर्ध्या तासात आलं 😀

थंडीचा आकडा मात्र कसा धरू तेच कळत नाहीये. नुसतं 'थोडं कमी' म्हटलं तर समितीत कुणी ऐकणार नाही.

---

शेवग्याची शेंग

शेजारच्या कुठल्या तरी गावाने हायब्रीड घेतल्याच असतील ना इतक्या वर्षांत. त्यांच्या पेट्रोल कार्डाची जानेवारी-फेब्रुवारीची आणि मे-जूनची बिलं मागा, त्याच गाड्यांची. सरकारी खर्च आहे, माहितीचा अर्ज टाकला की द्यावं लागतं. गाडी नंबरनिहाय गॅलन आणि मैल मिळाले तर तुमच्यासारख्या अकाउंट्सवाल्याला अजून काय पाहिजे. गुरुवारपर्यंत अर्जाने नाही मिळणार, तुमच्या चीफना फोन करायला लावा, चीफ लोक एकमेकांना सगळं सांगतात.