जुना अँटीव्हायरस काढला, तरी नवा बसत नाही

खडूफळा:
घरचा डेस्कटॉप आय-थ्री २१००, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. पैसे भरून घेतलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली म्हणून कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केला. आता दुसरा टाकायला गेलं की इन्स्टॉलर सांगतो, आधीचा सापडला, तो काढा. यादीत तर तो कुठेच नाही! विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद, डिस्क सतत १०० टक्के. त्याचं फोल्डर हाताने डिलीट केलं तर चालेल का?

कोपऱ्यातलासीपीयू:
फोल्डरला हात लावू नका. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये असतात आणि विंडोजबरोबरच सुरू होतात. प्रोग्रामचं फोल्डर गेलं तरी ते मागे राहतात, आणि वर रिमूव्हल टूलला काय काढायचं तेच सापडत नाही. रजिस्ट्री क्लीनरच्याही वाटेला जाऊ नका.

आधी खात्री करून घ्या. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारा. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची (फिल्टरांची) यादी येते, प्रत्येकापुढे अल्टिट्यूडचा, म्हणजे त्याच्या क्रमाचा, आकडा असतो. ३२०००० ते ३२९९९८ ही पट्टी अँटीव्हायरससाठी राखीव आहे. त्यातला ३२८०१० डिफेंडरचा. त्या पट्टीत आणखी कोणी दिसलं, तर तोच तुमचा जुना पाहुणा.

मग त्याच कंपनीच्या साइटवरून त्याच प्रॉडक्टचं रिमूव्हल टूल उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. रिस्टोअर पॉइंट करा. सिस्टिम प्रोटेक्शन बऱ्याचदा बंदच असतं, ते आधी चालू करावं लागतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, मग ४ दाबा, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारा सेफ मोड उघडतो. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी असू द्या. सेफ मोडच का, तर अँटीव्हायरसचं स्वसंरक्षण तिथे सहसा सुरू होत नाही. टूल चालवा, नेहमीसारखं रीस्टार्ट करा, फिल्टरांची यादी पुन्हा बघा. जुन्याची नोंद गेली की डिफेंडर आपोआप चालू होतो.

खडूफळा:
यादी साफ झाली, डिफेंडर चालू झाला. पण नेट गेलं. केबल जोडलेली दाखवतंय, पान मात्र एकही उघडत नाही.

तांब्याचीतार:
नेटवर्कचा फिल्टर मागे राहिलाय. विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल टाका (अर्थात इंग्रजीत), ईथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. चौकटींच्या यादीत जुन्या अँटीव्हायरसच्या नावाची ओळ असेल. आधी नुसती टिक काढून बघा. नेट आलं, तर ती ओळ निवडून अनइन्स्टॉल करा. नाहीच आलं तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटशेलचा विनसॉक रीसेट (netsh winsock reset) आणि रीस्टार्ट. सेटिंग्जमधला नेटवर्क रीसेट अगदी शेवटी करा, कारण तो साठवलेली नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पुसतो.

पान उघडून 'कनेक्शन खाजगी नाही' असं आलं तर घड्याळ बघा. इतक्या जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बसलेला असतो, तारीख मागे जाते आणि साइटची सर्टिफिकेटं (ओळखीचे दाखले) नापास होतात. लायसन्सही त्यामुळेच अडतं. विजेची वायर काढून सेल बदला, बायोसमध्ये तारीख भरा.

हार्डडिस्कवाला:
माझं स्पष्ट मत: आता नवा टाकूच नका. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क, त्यावर आणखी एक रियल-टाइम स्कॅनर म्हणजे मशीनवर अन्याय आहे. घरच्या वापराला डिफेंडर पुरतो.

१०० टक्के डिस्क हा मात्र वेगळा प्रश्न. पूर्ण स्कॅन लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा. रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल, तर आधी फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेर काढा. स्कॅन दरवेळी एकाच फाइलवर अडकत असेल तर दोष अँटीव्हायरसचा नसून बहुधा त्या सेक्टरचा असतो. तब्येत ठीक असेल तर २४० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी घाला. बोर्ड एच६१ चिपसेटचा असेल तर साटा जोडणीचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच मिळेल, तरी फरक लगेच कळतो, कारण स्कॅनमध्ये वेळ खातात त्या हजारो बारीक फाइली.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या सुरक्षा अपडेटसाठी विंडोज अपडेटच्या पानावर ईएसयूची (वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेची) नोंदणी करा. आवृत्ती २२एच२ नसेल तर तो पर्यायच दिसणार नाही, म्हणून आधी ती बसवा.