मदत हवी आहे : तान्ना बेटावरच्या दवाखान्याच्या टाकीतलं पाणी वास मारतंय

पागोळी :
वानुआतूतल्या तान्ना बेटावर स्वयंसेवक म्हणून नेमणूक आहे. गावच्या लहान दवाखान्याला ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी आहे. पाणी पत्र्याच्या छपरावरून येतं, छप्पर ६ बाय १० मीटर. यासूर ज्वालामुखीची राख अधूनमधून पडते. सध्या टाकीत अंदाजे ३,००० लिटर पाणी आहे, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतोय. पाण्यात विष्ठेतले जिवाणू आहेत का हे दाखवणारी हायड्रोजन सल्फाइडची चाचणी-बाटलीही काळी पडली. पाणी समिती म्हणते, क्लोरीनची पावडर दुप्पट टाका. पावडर ६५ टक्क्यांची आहे. किती टाकू? पहिल्या पावसाचं पाणी वळवायला १०० मिमीची दीड मीटर नळी उभी लावलेली आहे.

पाणाड्या :
बाटली किती वेळात काळी पडली?

पागोळी :
वीसेक मिनिटांत.

पाणाड्या :
मग ती चाचणी धरू नका. जिवाणू वाढून बाटली काळी पडायला निदान काही तास, बहुधा २४ ते ४८ तास लागतात. लगेच काळी पडली म्हणजे पाण्यात आधीच सल्फाइड आहे. तळाशी पानं आणि राखेचा गाळ साचलाय, तिथे प्राणवायू संपलाय, आणि वास तिथूनच येतोय. अशा पाण्यात पावडर दुप्पट केली तरी सगळं क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. पाणी पिण्याजोगं आहे असा याचा अर्थ मुळीच नाही, फक्त चाचणी टाकी साफ झाल्यावर आणि क्लोरीन टाकण्याआधी पुन्हा करा.

साफसफाई अशी करा. वरचं पाणी पिंपांत काढून फरशी आणि शौचालयासाठी ठेवा. लवचीक नळीत पाणी भरून तिचं एक टोक तळाशी सोडा आणि गाळ हळूहळू बाहेर ओढा. नळी तोंडाने ओढायची नाही. भिंती लांब दांड्याच्या ब्रशने बाहेरूनच घासा. १० लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर एवढं द्रावण पुरतं, नंतर खळबळून ते पाणी काढून टाका. कुणालाही टाकीत उतरवू नका. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साचलेला असेल तर माणूस आत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

नवं पाणी आल्यावर लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरा. ३,००० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ६५ टक्क्यांची पावडर सव्वानऊ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि मग पावडर टाका, उलट नाही. निवळी टाकीत ओता, साका फेकून द्या. अर्ध्या तासाने तोटीच्या पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. शून्य आलं तर अजून घाण शिल्लक आहे. पावडरीचा डबा उन्हात आणि दमटीत राहिला की तिचा जोर उतरतो, तारीख बघून घ्या.

नळकाम :
खरी गोम त्या उभ्या नळीत आहे. १०० मिमीच्या नळीत मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात, म्हणजे तुमच्या दीड मीटरमध्ये १२. छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किमान अर्धा लिटर वळवायचा, म्हणजे ६० चौरस मीटरला ३० लिटर. राख पडते तिथे मी दुप्पट धरेन. नळी लांबवत बसू नका, ६० लिटरचं झाकणाचं पिंप जोडा. तळाला बारीक तोटी किंचित उघडी ठेवा, म्हणजे ते पुढच्या पावसाआधी रिकामं होईल. तिथे राखेचा लगदा बसतो, तोटी दर आठवड्याला मोकळी करा. ती तुंबली की पिंप भरलेलंच राहतं आणि सगळी घाण थेट टाकीत जाते.

टाकीची तोटी तळापासून ५ ते १० सेंटिमीटर वर असावी. झाकण आणि सांडव्याच्या नळीला १ मिमीपेक्षा बारीक जाळी लावा, डास तिथूनच आत शिरतात. सामान पोर्ट व्हिलाहून जहाजाने मागवताना नळीचा बाहेरचा व्यास मोजून कळवा. चुकीचा सांधा आला तर पुढच्या जहाजापर्यंत काम खोळंबतं.

आग्नेयवारा :
राखेबद्दल थोडं. तिच्यातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीनचाही त्यावर काही परिणाम नाही. मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. राख पडायला लागली की पन्हळीची उतरती नळी टाकीपासून सोडवा, छप्पर झाडून घ्या, एक चांगली सर जाऊ द्या आणि मग जोडा. व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात, त्यामुळे राख बहुतेक वेळा यासूरच्या वायव्येला पडते. गाव त्या बाजूला असेल तर हे सवयीचंच करावं लागेल.

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. २०१५च्या मार्चमध्ये पॅमने तान्नाची दैना केली होती. इशारा आला की टाकी भरलेली असू द्या, रिकामी उडून जाते. आणि नळी सोडवा, नाहीतर समुद्राचे खारे तुषार आणि पानं आत येतात.

पिंपाची तोटी कोण सांभाळणार हे फक्त नाकामालमध्ये, म्हणजे गावच्या बैठकीच्या जागी, ठरवू नका. तान्नावर तिथे कावा (मुळांपासून केलेलं गुंगी आणणारं पेय) प्यायला पुरुषच बसतात, आणि पाणी भरतात बहुतेक बायका. प्रमुखांच्या संमतीने दिवसा बायकांची वेगळी बैठक घ्या आणि पिंपाची तोटी त्यांच्या हातात द्या.

पागोळी :
टाकी रिकामी असेपर्यंत क्षारसंजीवनीसाठी पाणी कुठून घेऊ?

पाणाड्या :
जवळच्या झऱ्याचं किंवा शेजारच्या टाकीचं घ्या, पण त्यात राख पडलेली नाही याची खात्री करून. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, स्वच्छ फडक्यातून गाळा. मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या आणि झाकून गार करा. जळण कमी असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या २ लिटरपर्यंतच्या बाटल्या ६ तास कडक उन्हात आडव्या ठेवा, ढगाळ असेल तर दोन दिवस. भांड्यातून वाटी बुडवून घेऊ नका, तोटीचं पिंप वापरा. आणि क्षारसंजीवनी रोज ताजी करा, २४ तासांनी उरलेली टाकून द्या.