मदत हवी आहे: एका कॉलनीचा जीनोम 1 कोटी 11 लाख बेसचा आलाय

नमस्कार मंडळी,

इथे प्रयोगशाळेत हात घालून काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. जुनाट फुप्फुसविकार असलेल्या रुग्णांच्या बीएएलमधून (ब्रॉन्कोस्कोपी करताना फुप्फुस धुऊन जे पाणी काढतात ते) वेगळे केलेले जिवाणू आम्ही सिक्वेन्स करतोय (म्हणजे त्यांचा डीएनए अक्षर-अक्षर वाचतोय). सतरापैकी सोळा सरळ गेले. सतराव्याने वात आणलाय.

कॉलनी बघून कुणीही स्यूडोमोनास एरुजिनोसाच म्हणेल. टपोरी, बुळबुळीत, लूप लावून उचललं की पाकासारखी तार सुटते. मॅल्डीनेही (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारं यंत्र) तेच नाव दिलं. इल्युमिना सिक्वेन्सरवर 150 बेसचे (अक्षरांचे) पेअर्ड रीड्स, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, घेतले, अहवालात 100 पट कव्हरेज (प्रत्येक अक्षर सरासरी शंभरदा वाचलेलं) लिहून आलं. स्पेड्स या प्रोग्रामवर असेम्ब्ली केली (रीड्स जोडून जीनोम उभा केला) आणि आकडा बघून चष्मा पुसला. पीएओ1 हा संदर्भ स्ट्रेन 63 लाख बेसचा आहे, रुग्णांकडून आलेले स्ट्रेन 65-70 लाखांपर्यंत जातात. माझा आलाय 1 कोटी 11 लाख! कॉन्टिग (जोडून झालेले सलग तुकडे) नऊशेच्या वर. असेम्ब्लीचा दर्जा तपासणारं चेकएम म्हणतं, पूर्णता 99 टक्के आणि भेसळ 88 टक्के.

आधी वाटलं रुग्णाचाच डीएनए आला असेल, पण मानवी जीनोमशी जुळणारे रीड्स अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत. मग शेजारच्या नमुन्यांवर संशय घेतला. त्याच रनमध्ये क्लेबसिएला (जीसी, म्हणजे डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण, 57 टक्के) आणि स्टॅफ ऑरियस (33 टक्के) होते. त्यांच्यातलं काही आलं असतं तर जीसीच्या आलेखात वेगळा उंचवटा दिसला असता. माझ्या आलेखात 66 च्या आसपास एकच उंचवटा आहे, तोही अगदी देखणा. त्यामुळे दोन दिवस मी असेम्ब्लीच चुकली असं धरून सेटिंग बदलत बसले. रीड कुणाचा ते ओळखणाऱ्या क्रॅकेनने नऊ टक्के रीड्स स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया या दुसऱ्याच जिवाणूचे दाखवले होते, ते मी डेटाबेसचा गोंधळ म्हणून सोडून दिले.

आता कॉन्टिगच्या नावांतले कव्हरेजचे आकडे बघतेय. एक गठ्ठा 45 च्या आसपास आहे, दुसरा 6-7 वर. आणि पाच हजार बेसचा एक छोटा कॉन्टिग 13 वर एकटाच उभा आहे. त्याच्यावर नेमकं सल-1 हे जनुक आहे (ते असलं की जिवाणू सल्फा औषधांना दाद देत नाही).

कमी कव्हरेजचे कॉन्टिग सरळ गाळून पुढे जाऊ का? सर म्हणतात, "चाळणी लाव आणि लिहायला घे." मला धीर होत नाही. आणि ते सल-1 कुणाच्या खात्यात टाकायचं?

प्रतिसाद: जुना अगार

क्रॅकेन बिचारं खरं सांगत होतं. स्टेनोट्रोफोमोनासचं जीसीही 66 टक्क्यांच्या जवळपासच असतं, म्हणून दोघांचे उंचवटे एकावर एक बसले. बेरीज करून बघा: 65 लाख अधिक 46 लाख. दोन जिवाणू एकाच फुप्फुसात राहतात आणि तुमच्या कॉलनीतही एकत्र राहिलेत. असल्या बुळबुळीत कॉलनीतून एकदा स्ट्रीक करून (अगारवर रेघा ओढून कॉलन्या सुट्या करून) शुद्ध कल्चर मिळत नाही. अल्जिनेटच्या चिकट थरात दुसरा कुणी अडकून बसला तर वरून दिसणार कसा? मी अशा कल्चरला किमान तीन वेळा स्ट्रीक करते. आळस केला की हे असं होतं, स्वानुभव आहे.

बाकी म्यूक-ए (हे जनुक मोडलं की अल्जिनेट सुटतं) बघितलंत का? बहुतेक तिथेच मोडलेलं असेल.

प्रतिसाद: के-मर

स्पेड्स कॉन्टिगच्या नावात लिहितं ते के-मरचं (रीडमधल्या के अक्षरं लांबीच्या तुकड्याचं) कव्हरेज असतं. 150 च्या रीडवर शेवटचा के 77 धरला तर खरं कव्हरेज साधारण दुप्पट. म्हणजे स्यूडोमोनास 90 पट, स्टेनो 13 पट. 13 वर जीनोम कसाबसा जुळतो, पण त्याच्यावर एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) काढून वंशवृक्षाचं झाड बनवायला जाऊ नका.

चाळणीबद्दल सरांशी मी सहमत नाही. क्रोमोसोमचे मोठे कॉन्टिग नीट वेगळे होतील, गोची छोट्यांवर आहे. प्लाझमिडच्या (क्रोमोसोमबाहेरच्या छोट्या डीएनएच्या) प्रती बऱ्याचदा जास्त असतात, आरआरएनए जनुकांच्या अनेक सारख्या प्रतींचे कॉन्टिग एकावर एक रचले जातात, त्यांचं कव्हरेज मालकाशी जुळत नाही. तुमचा नावात 13 असलेला कॉन्टिग स्टेनोत दोन प्रतींनी असू शकतो, किंवा स्यूडोमोनासच्या चार पेशींपैकी एकीत. आकड्यावरून दोन्ही तितकंच पटतं.

आणि हा प्रश्न नुसता हिशेबाचा नाही. को-ट्रायमोक्साझोलला (त्यात सल्फा औषध असतं) स्यूडोमोनास मुळातच दाद देत नाही, त्याच्यात सल-1 असलं काय नि नसलं काय. स्टेनोवर मात्र ते नेहमीचं औषध आहे.

प्रतिसाद: जुना अगार

अँटिबायोग्रामच्या (कुठलं औषध चालतं ते बघण्याच्या) प्लेटचा फोटो आहे का? इमिपेनेमच्या डिस्कभोवती बघा. स्टेनो कार्बापेनेमला (इमिपेनेम त्याच गटातलं) जन्मतःच जुमानत नाही, त्याची एल1 एन्झाइम ते औषध फोडून टाकते.

प्रतिसाद: धागाकर्ती

अहो, खरंच आहे! फोटो मोठा करून बघितला. डिस्कभोवतीच्या स्वच्छ वर्तुळात टाचणीच्या टोकाएवढे सात-आठ ठिपके. वहीत मीच लिहून ठेवलंय, "रेझिस्टंट म्युटंट?", आणि पुढे विसरले. म्यूक-एही तपासलं. पाच जी सलग आहेत त्यातला एक गळलाय, म्हणजे म्यूक-ए22.

आता ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या कल्चरमधून) दोन वाटा केल्यात. सेट्रिमाइड अगारवर स्यूडोमोनास, इमिपेनेम घातलेल्या अगारवर दुसरा. शिल्लक डीएनए त्याच भेसळीचा असल्याने बाजूला ठेवला.

प्रतिसाद: के-मर

दोन्हींचा नवा डीएनए काढा. नॅनोपोअर मिळालं तर उत्तम, लांब रीडमध्ये सल-1 च्या शेजारी काय आहे ते थेट वाचता येईल. पण म्यूक-एमधला तो एक जी इल्युमिनावरच पक्का करा, एकाच अक्षराच्या रांगेत नॅनोपोअर मोजायला चुकतं. आणि डेटा सार्वजनिक करण्याआधी ते अर्धा टक्का मानवी रीड्स काढून टाका, रुग्णाचे आहेत ते.

प्रतिसाद: धागाकर्ती

तीन स्ट्रीकनंतरची खबर. इमिपेनेमच्या प्लेटवर फिकट पिवळ्या, बारीक कॉलन्या, ऑक्सिडेज निगेटिव्ह. सेट्रिमाइडवरच्या त्याच ऑक्सिडेज चाचणीत लगेच जांभळ्या (पॉझिटिव्ह) झाल्या. सल-1 चा पीसीआर दोन्हींवर लावला, बँड फक्त पिवळ्यांत आला. को-ट्रायमोक्साझोलची संवेदनशीलता आज लावलीय, आणि नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांना सरांनी स्वतः फोन करून दुसऱ्या जिवाणूची कल्पना दिली. आधीचे सोळाही आता परत बघायला घेतलेत, त्यातले तीन बुळबुळीतच होते.

दोन्हींचे नवे रीड्स आले की म्यूक-एचं काय ते इथेच टाकते.